प्रकाश चांगला होता

फोटो मीच काढला होता.
खाली नाव छापत नाहीत आमचं,
म्हणून इथे सांगतो.

लानेलीत, टेकडीला लटकलेल्या एका गल्लीत
सतरा नंबरचं घर. दारात मागचं चाक नसलेली सायकल.
डेलिथ प्रॉसरनं दार उघडलं, म्हणाली,
"बूट राहू द्या पायात, फरशी फार गार आहे."

बातमी तशी लहानच:
पत्र्याच्या कारखान्यातली दुसरी पाळी बंद,
आणि महिनाअखेरीला काय खातात माणसं, यावर अर्धं पान.
वार्ताहर पोरगी स्वयंपाकघरात विचारत होती,
डेलिथ मोजकं सांगत होती. टोस्ट. डब्यातले घेवडे.
एक वेळचं शाळेत होतं,
सुट्टी लागली की पंचाईत.

मी उजेड शोधत होतो.
नोव्हेंबर, दुपारचे तीन,
खिडकीत ओल्या घोंगडीसारखं आभाळ.
कोपऱ्यात माशांची काचपेटी होती,
निळसर दिव्याखाली दोन मासे, एक जरा कललेला.
म्हटलं, इथे बसा. मुलांना जवळ घ्या.
आणि हसू नका.
नॅनला हसू आवरेना, चार वर्षांची ती.
तीनदा सांगितलं मी तिला.

गुरुवारी अंक आला.
शुक्रवारी दुपारपर्यंत गावात
आरोपी एक, बाकी सगळे न्यायाधीश.

खाटकाच्या दुकानात: मासे पाळायला बरे आहेत पैसे.
बसथांब्यावर: दिवसाढवळ्या तीन तीन दिवे, मोजलेत मी.
चॅपलमागच्या खोलीत, चहाच्या मोठ्या किटलीपाशी,
जरा हळू, कारण देव भिंतीपलीकडे:
तिसरं मूल कशाला मग?
कुणी मुलाच्या बुटावरचं कंपनीचं नाव वाचलं.
(ते बूट याच खोलीतल्या दानपेटीतून गेले होते,
पेटीवर किटली ठेवलेली होती.)
कुणी तिची नखं पाहिली. लाल होती.

नखांचं मला काही ठाऊक नाही.
लाल आवडत असेल.

रविवारी जेवताना सासूनं चष्मा चढवला,
अंक लांब धरला, आणि निकाल दिला:
"पाय पसरावेत ते अंथरूण बघून."

अंथरूण मी बघितलं होतं.
बॅटरी चार्ज करायला प्लग शोधत वर गेलो तेव्हा.
एकच गादी, तिघं तिच्यावर आडवी झोपतात,
थोरल्या इएस्टिनचे पाय बाहेर येतात,
तिथे एक खुर्ची ओढून ठेवलेली,
खुर्चीवर उशी.

सांगितलं का मी हे सासूला?
तिनं पुडिंग वाढलं.
मी आणखी थोडं मागितलं.

पंधरा दिवसांनी फोटोची प्रत द्यायला गेलो,
मोठी, जाड कागदावर. का, ते मला नीट सांगता येणार नाही.
इएस्टिननं दार उघडलं, अंगात कोट, मागे सगळा काळोख.
"माम कामावर गेलीय. हॉटेलातल्या चादरी."
"दिवे?"
"चावीचं मीटर आहे. आधी पैसे, मग वीज."
मग, मी काही न विचारता, वर्गातल्या मुलासारखं भराभर:
"त्या दिवशी मामनं पाच पौंड भरले होते.
म्हणाली, फोटोवाले येणार,
माणसाला काय अंधारात बसवायचं?
आणि सगळे दिवे लावले."

मी प्रत त्याच्या हातात दिली.
त्यानं ती रस्त्यावरच्या दिव्याकडे तिरकी धरली,
आधी नॅनकडे पाहिलं, मग पेटीकडे.
"मासे?" मी विचारलं.
"एक आहे."

उतारावरून परतताना आठवलं,
शटर दाबायच्या आधी तिनं विचारलं होतं,
"पुरेल ना हो एवढा उजेड?"

मी म्हटलं होतं, भरपूर.